रविवारची शांत सकाळ

प्रिय मावशी,

सप्रेम जय ख्रिस्त. मी ४१ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी करते. माहेर नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमचा एक रविवार चुकत नव्हता. मिस्टर चर्चच्या कमिटीवर होते. छताच्या दुरुस्तीसाठी गोळा केलेल्या वर्गणीचा हिशोब त्यांनी वार्षिक सभेत विचारला. त्यावर जे बोलणं झालं ते इथं लिहवत नाही. आठवड्याभरात ‘यांनाच खजिनदार व्हायचंय’ अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हापासून आम्ही जायचं बंद केलं.

देव सोडलेला नाही. पहाटे पाचला उठून शास्त्र वाचते, रात्री तिघं मिळून प्रार्थना करतो, दशांश बाजूला काढून एका वृद्धाश्रमाला देतो. रविवारी पोळ्या लाटता लाटता मोबाईलवर चांगले चांगले संदेश ऐकते. आई मात्र फोनवर एकच म्हणते, “देऊळ सोडलं तिनं देव सोडला.” मिस्टर म्हणतात, दोघं-तिघं जमले की तिथं प्रभू असतो आणि आपण घरात तिघं आहोतच, आपण दोघं आणि आपली अकरा वर्षांची लेक. मी मधल्या मध्ये. खऱ्या विश्वासणाऱ्याला दर रविवारी चर्चला जायलाच हवं का? आणि खरं सांगू, आता रविवारची सकाळ फार शांत जाते.

– एक वाचक, पुणे

प्रिय पोरी, जय ख्रिस्त.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी थांबले. ती शांतता मला ठाऊक आहे. बूट सापडत नाही, रिक्षा मिळत नाही, अर्पणाचे सुटे पैसे कुणी उचलले, यातलं काही नाही. चहा सावकाश. आणि देवळाच्या दारात ज्या चार चेहऱ्यांकडे बघून हसावं लागायचं, ते चेहरे नाहीत. त्या सभेनंतर तुला थोडी उसंत हवीच होती. तीन वर्षं जरा जास्त झाली, एवढंच.

आधी आईचं. देऊळ सोडलं म्हणजे देव सोडला असं होत नाही. आपल्या शिकवणीत तारण हजेरीपटावर मिळत नाही, कृपेनं मिळतं, हे तुला मी सांगायला नको. पण हे आईला पटवून देत बसू नकोस. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर आपल्या पणज्या-आज्यांना दुसऱ्या कुठल्याही देवळाची पायरी चढू देत नव्हते. त्यांना चारचौघांबरोबर एका सतरंजीवर बसायला जागा मिळाली ती त्या मातीच्या भिंतींच्या देवळात. अक्षर गिरवलं तेही पुष्कळदा त्याच ओसरीवर. तुमचं घर त्यातलं आहे की नाही, मला माहीत नाही. पण आई ‘देऊळ’ म्हणते तेव्हा तिला रविवारचा दीड तास एवढंच म्हणायचं नसतं. तिचं वाक्य चुकीचं असलं तरी त्यामागची भीती खोटी नाही.

आता माझं सांगते, म्हणजे मी उंचावर बसून बोलते असं तुला वाटायला नको. मीही एकदा चौदा महिने गेले नव्हते. कारण सांगण्यासारखं मोठं नाही. महिला मंडळात नाताळच्या कार्यक्रमावरून काहीतरी झालं, मला चारजणींसमोर बोलण्यात आलं, आणि मी घरी बसले. तुझ्यासारखंच सगळं चालू होतं, वाचन, प्रार्थना, दान. उलट वाचन वाढलंच. कुणी विचारलं तर सांगायचे, “माझा प्रभूशी वाद नाही, मंडळीशी आहे.” वाक्य इतकं छान होतं की मी ते बरेच दिवस वापरलं.

माझ्या शेजारी बाकावर एक म्हातारी बाई बसायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात धरायच्या, पान मात्र मी उघडून द्यायचे. गाणी सगळी पाठ, पण कडव्याची सुरुवात आठवायची नाही. मग मी प्रत्येक कडव्याचे पहिले दोन-तीन शब्द त्यांच्या कानात सांगायचे आणि पुढं त्या माझ्यापेक्षा मोठ्यानं गायच्या, अर्धा ठोका मागे. गाणं संपल्यावर सगळे थांबलेले असायचे आणि यांची शेवटची ओळ एकटीच पोचायची. मला त्याची लाज वाटायची, हेही कबूल करते.

चौदा महिन्यांनी त्यांची सून बाजारात भेटली. भाजी घेता घेता सहज म्हणाली, “सासूबाई हल्ली गात नाहीत. पुस्तक हातात धरून नुसत्या उभ्या राहतात.” तिला काहीच सुचवायचं नव्हतं, ती मेथीची जुडी निवडत होती. मी मात्र घरी येईपर्यंत तेच ऐकत होते. मला देवळात काय मिळतं आणि काय मिळत नाही, याचा हिशोब मी चौदा महिने मांडत होते. माझ्याकडून तिथं काय जात होतं ते त्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर इतकंच आहे. बाकीचं जे लिहिते ते त्याच्या आजूबाजूचं.

तुझ्या मिस्टरांचं वचन घेऊ. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं विसावं वचन हे घरी बसणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या तोंडी असतं. माझ्याही होतं. त्यांना म्हणावं, पंधराव्या वचनापासून वाचा. तुझ्या भावानं तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याचा दोष त्याला दाखव. ऐकलं नाही तर आणखी एकादोघांना बरोबर घे. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. हे सगळं सांगून झाल्यावर ते दोघा-तिघांचं वचन येतं. म्हणजे ते ‘दोघे किंवा तिघे’ एकाच डायनिंग टेबलवरचे, एकाच बाजूचे असतील असं तिथं गृहीत नाही. भांडण मिटवायला बसलेली माणसंही त्यात येतात. आणि लगेच पुढं पेत्र विचारतो, क्षमा किती वेळा करायची, सात वेळा का? तुमच्या तिघांत एकमेकांवर रुसलेलं कोण आहे? लेक कधीतरी रुसत असेल, ते वेगळं.

इब्री लोकांस पत्रातलं दहाव्या अध्यायातलं वचन आई तुला ऐकवत असेलच, ‘आपले एकत्र मिळणे’ सोडू नका म्हणून. त्यातले ‘कित्येकांच्या चालीप्रमाणे’ हे शब्द मला फार आवडतात. पहिल्याच शतकात कित्येकांना न येण्याची चाल पडलेली होती! तेव्हा आपण काही जगावेगळं केलेलं नाही.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते लूकच्या चौथ्या अध्यायातलं. येशू नासरेथला येतो आणि ‘आपल्या परिपाठाप्रमाणे’ शब्बाथ दिवशी सभास्थानात जातो. परिपाठ हा शब्द बघ. ज्याला कुणाच्या उपदेशाची गरज नव्हती, तो दर आठवड्याला जाऊन कुणाकुणाचं काय काय ऐकून घेत असेल! आणि त्याच दिवशी त्याच सभास्थानातले लोक संतापून उठतात आणि त्याला कड्यावरून लोटून द्यायला घेऊन जातात. तुमच्या वार्षिक सभेत काय झालं असेल त्याची कल्पना मला आहे, पण कडा तरी नव्हता. तर तो त्यांच्यामधून निघून जातो. भांडत नाही, त्यांच्या पाया पडत नाही, ‘तिथंच परत जा’ असं कुणी त्याला सांगतही नाही. पुढच्याच वचनात तो कफर्णहूमात आहे आणि पुन्हा शब्बाथ दिवशी लोकांना शिकवतोय. गाव बदललं, परिपाठ बदलला नाही.

तुम्ही दोन्ही बदललंत.

आपल्या मराठी मंडळीतलं उदाहरण द्यायचं तर रेव्हरंड टिळकांइतकं बोलकं दुसरं नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं वीसेक वर्षं मिशनबरोबर काम केलं. मिशनरींच्या छायेत वाढलेली, बाहेरून आणलेल्या कपड्यात अवघडलेली आपली मंडळी बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडले. आता या माणसाला घरी बसायला किती कारणं होती! कवी होता, देवाशी थेट बोलणारा होता, अभंग आणि भजनं स्वतःच लिहिणारा होता. त्याला कुणाच्या कंटाळवाण्या उपदेशाची काय गरज? पण टिळकांनी काय केलं, तर साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथं येऊन बसता यावं म्हणून. दारं जास्त उघडली, कमी नाही. १९१९ मध्ये ते गेलेच, त्यामुळे दरबार फार वाढला नाही. पण संस्थेवर रागावलेल्या माणसानं राग घेऊन कुठं जायचं, ते त्यात दिसतं. त्यांचीच गीतं आपण आजही रविवारी म्हणतो. आणि ती एकट्यानं म्हणायला लिहिलेली वाटत नाहीत, टाळ-झांजा आणि मागं ओढणारे चार आवाज असले तरच ती उभी राहतात. घरी करून बघ, दुसऱ्या कडव्याला थंडावतं.

मोबाईलवरच्या संदेशांबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यातले काही आमच्या पाळकसाहेबांपेक्षा नक्कीच चांगले बोलतात. (पाळकसाहेब हे सदर वाचतात. असो.) पण टाळेबंदीतलं आठवून बघ. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली ती राज्यात १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. त्या आठ महिन्यांत मी चहाच्या डब्याला फोन टेकवून उपासना ऐकायचे. एकदा प्रभूची प्रार्थना चालू असताना कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बंद केला, वरणाला फोडणी दिली आणि परत येऊन बसले तर आशीर्वाद चालू होता. मी उठले होते हे कुणालाही कळलं नाही. तेव्हा हसू आलं. मग २२ नोव्हेंबरचा पहिला रविवार आला, आम्ही पट्ट्या मारलेल्या बाकांवर एकआड एक तोंड बांधून बसलो, आणि कोण कोण आता येणार नाही ते तिथं कळलं. फोनवर आठ महिने कळलं नव्हतं. आमच्या रांगेतल्या एका काकांच्या मातीला पाचच माणसं होती, हे मला त्या दिवशी दारात हात धुताना समजलं.

संदेश ऐकणं म्हणजे उपासनेचा एक भाग झाला. ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे मात्र यूट्यूबवर होत नाही, तिथं ओझं कुणाचं ते दिसतच नाही. तुम्ही वृद्धाश्रमाला दशांश देता, फार चांगलं करता. पण ती माणसं तुम्ही निवडलीत. मंडळीत आपण निवडलेली नसलेली माणसं असतात, तीच तर अडचण आहे आणि मला वाटतं, तोच मुद्दाही आहे. तो कुजबूज करणारा, ती खोचक बोलणारी, अर्धा ठोका मागे गाणारी म्हातारी.

दर रविवारी जायलाच हवं का, असं तू विचारतेस. कॅथलिक मंडळीत याचं उत्तर सरळ आहे. १९८३ च्या त्यांच्या धर्मविधी संहितेप्रमाणे रविवारच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, हजर राहणं बंधनकारक आहे, आणि आजारी माणूस किंवा तान्ह्या बाळाची आई अशांना त्यातून मोकळीक आहे. आपल्याकडे, प्रोटेस्टंट मंडळीत, तसा कायदा नाही, आणि मला तो नकोही आहे. आपल्यात किती मुली नर्स आहेत, त्यांची रविवारी ड्यूटी असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे मंडळीनं जायचं, त्यानं मंडळीकडे नाही. एकाच पाळकाकडे सहा-सात गावं असली की काही गावांत महिन्यातून एकदाच प्रभुभोजन होतं. आणि जिथं कुणी तुला किंवा तुझ्या मुलीला इजा केली असेल, अंगाला हात लावला असेल, धमकावलं असेल, तिथं वचनं काढून कुणी परत बोलावत असेल तर अजिबात जाऊ नकोस, पोलिसांकडे जा. तुझं प्रकरण तसलं नाही, असं पत्रावरून तरी दिसतं. तुझ्यापुरतं नियमित म्हणजे इतकंच धर, की तू आली नाहीस तर कुणाच्या तरी लक्षात यावं.

आता हिशोबाचं. मिस्टरांनी विचारलं ते योग्यच होतं, हे त्यांना माझ्या नावानं सांग. पैसे लोकांचे आहेत. चर्चचा ट्रस्ट सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर १९५० च्या कायद्याखाली हिशोब ठेवावे लागतात, तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. भर सभेत उभं राहून विचारलं की समोरच्याची इज्जत पणाला लागते आणि कागद बाजूलाच राहतात. त्यापेक्षा आणखी दोन-तीन सभासदांच्या सह्या घेऊन साधा लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, वाट बघावी. गरज पडली तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करावा. यात मंडळीची बदनामी वगैरे काही नाही. १९७० मध्ये नागपुरात सहा पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी केली. एवढं मोठं काम करणारे आपणच, आणि पुढं जमिनी कुणाच्या, ट्रस्ट कुणाचा म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारेही आपणच. हिशोबाचं भांडण हिशोबाच्या कागदावर चालू द्या. त्यासाठी रविवार कशाला गहाण ठेवता?

त्याच चर्चमध्ये परत जा, असं मी म्हणत नाही. मिस्टरांची तर इतक्यात इच्छा होणार नाही, आणि त्यांना ओढून नेऊ नकोस. तू आणि लेक जा. पुण्यात मराठी उपासना होणारी देवळं काही कमी नाहीत, घरापासून एका बसनं पोचता येईल असं एक निवड. सुरांवरून, उपदेशावरून, पंख्यांवरून पारखत फिरू नकोस, साडीच्या दुकानात बसल्यासारखं दहा ठिकाणं उलगडून बघणारी माणसं मी पाहिली आहेत, ती शेवटी काही न घेताच उठतात. सलग सहा रविवार एकाच ठिकाणी जा. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसू नकोस, तिथून पळता येतं. मधे बस. उपासना संपल्यावर दहा मिनिटं थांब, कुणी विचारलं तर माहेरचं गाव सांग, पुढची सोय नगरकर स्वतःच करतात.

लेकीबद्दल तू पत्रात ओझरतं लिहिलं आहेस, पण मला तिचीच जास्त काळजी वाटली. शेवटची संडे स्कूलला गेली तेव्हा आठ वर्षांची होती. तिला आता किती गाणी पाठ आहेत, सहज विचारून बघ, रागावू नकोस. घरच्या प्रार्थनेत ती आईबापांना देवाशी बोलताना ऐकते, हे थोडं नाही. पण आपल्या आईबापांखेरीज दुसरंही कुणी विश्वास ठेवतं, शेजारचा प्लंबर, शाळेतल्या बाई, कॉलेजातला तो केस वाढवलेला गिटारवाला, हे तिला कुठं दिसणार? पंधराव्या वर्षी ती तुमच्याशी भांडेल, सगळीच भांडतात. तेव्हा तिला तुमच्याशिवाय दुसरं कुणीतरी ख्रिस्ती माणूस ओळखीचं असलेलं बरं.

मिस्टरांना पहिले दोन रविवार घरी राहू दे. पोळ्या त्यांना लाटू दे.

ती म्हातारी बाई पुढं चार वर्षं होत्या. मी परत गेले त्या रविवारी त्यांनी काही विचारलं नाही, रागावल्याही नाहीत, पुस्तक नुसतं माझ्यापुढं धरलं. त्यातलं पान आधीच दुमडलेलं होतं, चुकीचंच.

आणि आईला आत्ताच फोन करून सांगू नकोस, ती अख्ख्या वाडीला सांगेल. सहा रविवार होऊ देत. मग ती विचारेल, कुठलं देऊळ, पाळक कोण, कुठल्या गावचे, त्यांची बायको कुणाची. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच फोन लाव.

– तुझी मावशी